उन्हाआड वाढणारा त्वचेचा कर्करोग

त्वचा हे मानवी शरीराचे सर्वांत मोठे इंद्रिय होय. ऊन, वारा, धूळ आणि रोगजंतू यांपासून शरीराचे रक्षण करण्याचे कार्य ती जन्मापासून अखेरपर्यंत अविरत करीत असते. या कार्यात तिच्या वरच्या थरातील पेशी सतत झिजतात आणि खालच्या थरात तयार झालेल्या नव्या पेशी साधारणतः महिना-दीड महिन्यात त्यांची जागा घेतात. पेशींच्या या वाढीवर शरीराचे नियंत्रण असते तोवर त्वचा निरोगी राहते. पेशींतील आनुवंशिक द्रव्यात बिघाड होऊन हे नियंत्रण सुटले आणि पेशी अमर्याद वाढू लागल्या, म्हणजे त्वचेचा कर्करोग उद्भवतो.

या रोगाचे प्रमुख कारण सूर्यप्रकाशातील जंबुपार अर्थात अतिनील किरण हे असल्याचे सर्वश्रुत आहे. ऑस्ट्रेलियासारख्या प्रखर उन्हाच्या देशात गोऱ्या वर्णाच्या लोकांमध्ये हा रोग फार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि तो बहुधा चेहरा, कान, मान, हात अशा उघड्या भागांवर होतो. भारतीयांच्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक असल्याने उन्हापासून त्यांना बरेच संरक्षण लाभते. त्यामुळे आपल्याकडील एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण अल्प आहे.

परंतु यामुळेच एक गैरसमजही रुजला आहे. हा रोग आपल्याला होत नाही, आणि झालाच तर तो उन्हात राहणाऱ्या भागावरच होईल, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती अशी की, आपल्या देशात हा रोग अनेकदा कमरेवर, जांघेत, पोटावर, जुन्या वणात, तळपायावर किंवा नखाखाली उद्भवतो. ज्या जागी ऊन पोहोचत नाही त्या जागी शोधक दृष्टीही सहसा पोहोचत नाही. परिणामी रोग ओळखण्यास विलंब होतो आणि जो रोग लहानशा शस्त्रक्रियेने बरा झाला असता तो जिवावर बेतू शकतो. म्हणूनच या अनपेक्षित जागांची आणि त्यामागील कारणांची ओळख प्रत्येकास असणे अगत्याचे आहे.

जागेवरून कारणाचा शोध

शरीराच्या एखाद्या विशिष्ट जागी रोग वारंवार दिसू लागला की त्यामागे काही विशिष्ट कारण असले पाहिजे, हे तत्त्व वैद्यकशास्त्राला त्वचेच्या कर्करोगानेच प्रथम शिकविले. लंडन येथील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली असे दाखवून दिले की, घरांची धुराडी साफ करणाऱ्या कामगारांमध्ये अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग विशेषत्वाने आढळतो. ही कामे लहान मुलांकडून करवून घेतली जात. अरुंद धुराड्यात शिरताना अंगावर बसलेली काजळी त्वचेच्या घड्यांमध्ये वर्षानुवर्षे साचून राही आणि त्याचे फळ या मुलांना मोठेपणी भोगावे लागे. व्यवसायातील एखाद्या घटकामुळे कर्करोग होतो, याचा वैद्यकशास्त्रातील हा पहिला ठळक दाखला मानला जातो. पुढे १९१५ साली यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांवर दीर्घकाळ डांबर लावून प्रयोगशाळेत कर्करोग निर्माण करून दाखविला आणि पॉट यांच्या निरीक्षणाला प्रायोगिक आधार मिळाला.

हीच दृष्टी ठेवून भारतीय रुग्णांकडे पाहण्याचे कार्य मुंबईत झाले. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी येथील लोकांच्या चालीरीती आणि कर्करोग यांच्या संबंधाचा अभ्यास केला. आपल्या सहकाऱ्यासमवेत १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी भारतातील रूढींशी निगडित अशा तीन प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन केले. त्यांपैकी एक चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा, दुसरा खैनी तोंडात धरणाऱ्यांचा आणि तिसरा धोतर नेसणाऱ्यांच्या कमरेचा होता. या तिसऱ्या प्रकाराला 'धोतर-कर्करोग' हे नाव पडले.

कमरेचा काच

धोतर असो वा लुगडे, ते दिवसभराच्या कष्टात सुटू नये म्हणून कमरेला घट्ट आवळून नेसण्याची रीत आहे. साडीच्या आत परकर वापरला जातो, त्याची नाडीही आवळून बांधली जाते आणि बहुधा रोज एकाच जागी बांधली जाते. अशा रीतीने कमरेवरील एका अरुंद पट्ट्यावर दहा-वीस नव्हे, तर तीस-चाळीस वर्षे सतत दाब आणि घर्षण होत राहते. उष्ण हवामानात तेथे घाम साचतो, धूळ बसते, खाज सुटते आणि खाजविल्याने त्वचा सोलवटते.

प्रारंभी त्या जागी काळसर किंवा पांढुरका पट्टा उमटतो. कमरेवर असा वळ असणे इतके सर्वसामान्य आहे की त्याकडे कोणी रोग म्हणून पाहत नाही, आणि बहुसंख्य व्यक्तींमध्ये तो तेवढ्यावरच थांबतो, हेही खरे आहे. काही थोड्या व्यक्तींमध्ये मात्र त्वचा जाड व खरखरीत होते, तिचे पापुद्रे सुटू लागतात, चिरा पडतात आणि कालांतराने जखम होते. जखम भरून येत असतानाच कपड्याचा काच पुन्हा बसतो आणि ती पुन्हा उघडते. मोडतोड आणि डागडुजी यांच्या या अखंड चक्रात पेशींना वारंवार विभाजन करावे लागते. प्रत्येक विभाजनाबरोबर आनुवंशिक द्रव्यात चूक होण्याचा संभव वाढतो. अशा चुका साचत जाऊन अखेरीस त्या जागी शल्कपेशींचा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा, कर्करोग उद्भवू शकतो.

स्त्रियांमधील या प्रकाराला पुढे मुंबईतील डॉक्टरांनी 'साडी-कर्करोग' असे नाव दिले. हा प्रश्न केवळ जुन्या काळाचा नाही. वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांनी २०२४ साली अशा दोन स्त्री-रुग्णांची माहिती ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक सत्तर वर्षांची होती. नऊवारीच्या आत परकराची नाडी ती घट्ट बांधीत असे. तिच्या उजव्या कुशीवरील व्रण दीड वर्ष भरून आला नव्हता. दुसरी साठीच्या उत्तरार्धातील स्त्री परकराविना लुगडे कमरेला घट्ट आवळून चाळीस वर्षे नेसत आली होती. तिचा व्रण दोन वर्षांचा होता आणि तिच्या बाबतीत रोग जांघेतील लसीका ग्रंथीपर्यंत पोहोचला होता.

ही दीड आणि दोन वर्षे विचारात घेण्यासारखी आहेत. कमरेवरील जखम कपड्याखाली झाकली जाते. ती दाखविण्याचा संकोच वाटतो. सुरुवातीस ती दुखतेच असे नाही. हळद, तेल, दुकानातून आणलेले मलम असे उपाय करण्यात महिने जातात. घरातील कामाच्या रगाड्यात स्वतःच्या दुखण्याला अखेरचे स्थान देण्याची स्त्रियांची सवय या विलंबात भर घालते.

पोटाशी धरलेले निखारे

कमरेवर जे काम घर्षण करते, तेच काम काश्मीरच्या खोऱ्यात उष्णता करते. तेथील कडाक्याच्या थंडीत ऊब मिळविण्यासाठी लोक कांगडी वापरतात. मातीच्या भांड्याभोवती वेताप्रमाणे लवचिक काड्यांची टोपली विणून ही कांगडी तयार होते. तिच्यात कोळशाचे किंवा चिनारच्या वाळलेल्या पानांचे निखारे ठेवतात आणि 'फेरन' या पायघोळ अंगरख्याच्या आत ती पोटाशी किंवा मांड्यांमध्ये धरून बसतात.

तेथे वैद्यकीय सेवा करणारे मिशनरी डॉक्टर विल्यम एल्म्सली यांनी १८६६ साली काश्मिरी लोकांतील या कर्करोगाकडे लक्ष वेधले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात श्रीनगर येथील डॉ. अर्नेस्ट नीव्ह यांनी त्याचा अधिक अभ्यास केला. कांगडीच्या सततच्या शेकाने प्रथम पोटाच्या खालच्या भागावर आणि मांड्यांच्या आतील बाजूस जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग उमटतात. अनेक हिवाळे गेल्यावर त्या जागी खरखरीत चट्टे आणि त्यांतील काहींत कर्करोगाचे व्रण होतात. शरीराच्या या भागांवर त्वचेचा कर्करोग अन्यत्र क्वचितच दिसतो. कांगडी न वापरणाऱ्यांमध्ये तो आढळत नाही, यावरून कारण स्पष्ट होते.

महाराष्ट्रात कांगडी नाही, तथापि शेक घेण्याची सवय आहे. कंबर किंवा पाठ दुखते म्हणून गरम पाण्याची रबरी पिशवी वा विजेचा तवा महिनोन्महिने एकाच जागी ठेवणाऱ्यांच्या त्वचेवरही तशीच तपकिरी जाळी उमटू शकते. अशी जाळी दिसू लागताच शेक थांबवावा आणि मूळ दुखण्यासाठी वैद्यकीय सल्ला घ्यावा. शेक वेळीच थांबविल्यास हे डाग बहुधा हळूहळू फिके होत जातात.

जुन्या वणांतील धोका

त्वचेच्या कर्करोगाची आणखी एक अनपेक्षित जागा म्हणजे भाजल्याचा जुना वण. चुलीवर, स्टोव्हच्या भडक्याने किंवा उकळत्या पाण्याने भाजण्याचे प्रसंग आपल्याकडे पुष्कळ घडतात. खोल भाजलेल्या जखमेवर योग्य वेळी त्वचारोपण न झाल्यास ती आक्रसून भरते. तेथील त्वचा पातळ, ताणलेली आणि कमकुवत राहते. हालचाल होताच ती फाटते, थोडी भरते आणि पुन्हा फाटते. अशा वणांवर वाढणाऱ्या व्रणांचे वर्णन फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलिन यांनी १८२८ साली केले होते. वणातून उद्भवणाऱ्या कर्करोगाला आज 'मार्जोलिन व्रण' या नावाने ओळखले जाते.

भाजल्यानंतर हा रोग उद्भवण्यास सरासरी तीस वर्षे लागतात. बालपणी भाजलेल्या व्यक्तीला प्रौढपणी हा रोग झाला, तर ती या दोन घटनांचा संबंध जोडीत नाही. 'जुनी जखम आहे, अधूनमधून चिघळतेच' असे म्हणून ती दुर्लक्ष करते. पायावरील वर्षानुवर्षे न भरणारे व्रण, हाडातील जुनाट पुवाची वाहती जखम, तसेच कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या तळपायावरील व्रण यांतूनही हा कर्करोग होऊ शकतो. संवेदनाच नसल्याने कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तीला वेदनेची सूचना मिळत नाही. तिने रोज डोळ्यांनी तळपाय तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.

वणातील कर्करोग हा उन्हामुळे होणाऱ्या कर्करोगापेक्षा अधिक आक्रमक असतो. जुन्या जखमेतून अकस्मात दुर्गंधीयुक्त स्राव येऊ लागणे, सहज रक्त येणे, कडा उंच व कठीण होणे, फुलकोबीसारखी वाढ दिसणे किंवा जांघेत वा काखेत गाठ येणे ही त्याची लक्षणे होत. जांघेतील गाठीला 'अवधाण आले' असे म्हणून सोडून देणे धोक्याचे ठरते.

तळवे आणि नखे

वरील सर्व प्रकारांत दीर्घकाळाच्या इजेचा इतिहास असतो. मेलॅनोमा हा मात्र त्वचेच्या रंगपेशींपासून उद्भवणारा निराळा आणि अधिक घातक कर्करोग आहे. गोऱ्या वर्णाच्या लोकांमध्ये त्याचा संबंध मुख्यत्वे उन्हाशी असतो. सावळ्या व काळ्या वर्णाच्या लोकांमध्ये तो एकूण कमी होतो, पण होतो तेव्हा बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखालील भाग येथे होतो. जमैकाचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली मेलॅनोमा आढळला. आरंभी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा समजली गेली होती. पुढे रोग शरीरभर पसरला आणि ११ मे १९८१ रोजी वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तळपायावरील काळा डाग पुष्कळदा कुरूप, चामखीळ किंवा काटा मोडल्याची खूण समजला जातो. नखाखालील काळेपणा ठेच लागल्याने रक्त साकळून आला, असे मानले जाते. हे दोन्ही समज बहुतेक वेळा बरोबरही असतात. फरक ओळखण्याची साधी रीत अशी की, साकळलेले रक्त नखाच्या वाढीबरोबर पुढे सरकत जाते आणि काही महिन्यांत नाहीसे होते. रोगाचा काळा पट्टा मात्र जागचा हलत नाही, उलट रुंद होतो. हा काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेवर पसरल्यास तपासणीस विलंब लावू नये. ही खूण हचिन्सन या इंग्रज वैद्यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदविली होती.

तळवे आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरतात. पश्चिम बंगालमध्ये कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिकमुळे अनेकांच्या तळहातांवर व तळपायांवर खरखरीत गाठी आणि छाती-पाठीवर पावसाच्या थेंबांसारखे ठिपके दिसत होते. कोलकाता येथील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ साली या रोगाचे मूळ पाण्यात असल्याचे ओळखले. असे पाणी दीर्घकाळ पिणाऱ्यांना कपड्याखाली झाकलेल्या भागांवरही त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक आर्सेनिक नसावे, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली आहे. येथेही शरीरावरील जागेनेच तज्ज्ञांना कारणापर्यंत नेले.

निदान आणि उपचार

संशयास्पद जखमेचे निदान केवळ पाहून होत नाही. जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. या तपासणीस बायॉप्सी म्हणतात. जागा बधिर करून ती काही मिनिटांत करता येते. 'तुकडा काढल्याने रोग पसरतो' ही लोकांमधील समजूत निराधार आहे. या समजुतीपायी तपासणी टाळल्याने मात्र रोगास पसरण्यास वेळ मिळतो.

निदान निश्चित झाल्यावर सभोवतालच्या थोड्या निरोगी त्वचेसह रोगट भाग काढून टाकणे हा मुख्य उपचार होय. आवश्यकता पडल्यास तेथे त्वचारोपण करतात. रोग लसीका ग्रंथींत पोहोचला असल्यास त्या काढाव्या लागतात आणि काही रुग्णांना किरणोपचार वा औषधोपचार द्यावे लागतात. रोग त्वचेपुरता मर्यादित असताना शस्त्रक्रिया झाल्यास शल्कपेशींच्या कर्करोगाचे बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. उशीर झाल्यास क्वचित पाय वा बोट गमवावे लागते.

तपासणीसाठी प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जावे. तेथून जिल्हा रुग्णालयात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अथवा कर्करोग रुग्णालयात पाठविण्याची व्यवस्था होते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश असल्याने खर्चाच्या भीतीने घरी बसून राहण्याचे कारण नाही.

काळजी कशी घ्यावी?

या रोगाचा प्रतिबंध बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. त्यासाठी धोतर, लुगडे किंवा साडी सोडण्याची मुळीच गरज नाही. नेसण्याच्या रीतीत थोडा बदल पुरेसा आहे. परकराला बारीक नाडीऐवजी रुंद पट्टा लावावा. गाठ रोज एकाच जागी न बांधता थोडी वर-खाली, डावी-उजवीकडे घ्यावी. रात्री झोपताना कमरेचे वस्त्र सैल करावे. स्नानानंतर कंबर कोरडी करावी. वळाच्या जागी खाज, पापुद्रे वा चिरा दिसल्यास त्या भऱ्या होईपर्यंत तेथे काच बसणार नाही असे कपडे वापरावेत. करगोटा घट्ट होत असल्यास तोही सैल करावा. भाजलेल्या जखमेवर सुरुवातीसच योग्य उपचार घ्यावेत आणि सांगितल्यास त्वचारोपण करून घ्यावे.

महिन्यातून एकदा स्नानाच्या वेळी कंबर, जांघा, तळपाय, बोटांची बेचकी, नखे आणि जुने वण पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. पाठ व कुशी पाहण्यासाठी आरशाची किंवा घरातील व्यक्तीची मदत घ्यावी. घरातील वृद्ध स्त्रिया आपणहून सांगत नाहीत. त्यांना मुलीने, सुनेने किंवा गावातील आशा कार्यकर्तीने आस्थेने विचारले पाहिजे. शरीरावर कोठेही असलेली जखम तीन-चार आठवड्यांत भरून आली नाही, अथवा एखादा काळा डाग वाढू लागला, तर तो डॉक्टरांना दाखविणे हाच या रोगावरील सर्वांत सोपा आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे.